गावाबाहेरच्या कॉलनीत राहावे का? हदगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी फायदे, तोटे आणि प्लॉट घेण्यापूर्वीची तपासणी

'उपनगर' म्हटले की अंधेरी, बोरिवली, मुलुंड डोळ्यांसमोर येतात. मुंबईत तर १९९० पासून 'मुंबई उपनगर' नावाचा स्वतंत्र जिल्हाच आहे. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात मात्र हा शब्द कोणी वापरत नाही. तिथे लोक म्हणतात 'कॉलनी', 'नगर', 'लेआउट' किंवा सरळ 'प्लॉटिंग'. शब्द वेगळा असला तरी गोष्ट तीच आहे: जुन्या गावाच्या बाहेर, मोठ्या रस्त्यालगत, शेतजमिनीचे तुकडे पाडून उभी राहिलेली नवी वस्ती.

नांदेड जिल्ह्यातले हदगाव हे याचे चांगले उदाहरण आहे. तामसा, निवघा बाजार, मनाठा आणि आजूबाजूच्या गावांतली अनेक कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तालुक्याला येतात. आयुष्यभराची बचत, कर्ज आणि कधी कधी शेतीचा तुकडा विकून आलेला पैसा या एका निर्णयात जातो. म्हणून कॉलनीत राहण्याचे फायदे कोणते, तोटे कोणते आणि पैसे देण्याआधी काय तपासावे, हे नीट समजून घेणे गरजेचे आहे.

कॉलन्या का वाढत आहेत?

जुनी गावे दाट वस्तीची असतात. गल्ल्या अरुंद, घराला घर लागून, वाटण्या होत होत खोल्या लहान झालेल्या. तीन भावांच्या घरात तीन चुली झाल्या की जागा पुरत नाही. मग एक भाऊ जुन्या घरात राहतो आणि बाकीचे बाहेर प्लॉट पाहतात.

दुसरे कारण नोकरी आणि शाळा. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका, बँकेतले कर्मचारी यांना तालुक्याचे ठिकाण सोयीचे पडते. शेतकरी कुटुंबेही आता शेती गावाकडे आणि बिऱ्हाड तालुक्याला अशी विभागणी करतात. मुले शाळेत, वडील सकाळी मोटारसायकलवर शेतात, संध्याकाळी परत.

तिसरे कारण रस्ता. तुळजापूर, लातूर, नांदेड, अर्धापूर, हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा अशी गावे जोडत नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हदगाववरून जातो. महामार्ग सुधारला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत प्लॉटिंगच्या पाट्या लागतात. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गाच्या आखणीतही हदगाव आहे. सध्या या भागाला जवळचा रेल्वेमार्ग म्हणजे मुदखेड-आदिलाबाद. त्यामुळे 'रेल्वे स्टेशनजवळ' ही जाहिरात प्लॉट विकताना सर्रास वापरली जाते.

हाच प्रवास नांदेड शहराने आधी केला आहे. गोदावरीच्या दक्षिणेला सिडको आणि हडकोच्या वसाहती झाल्या, वाघाळा शहराला जोडले गेले आणि १९९७ मध्ये महानगरपालिका झाली तीच 'नांदेड-वाघाळा' या नावाने. गाव बाहेर पसरते, मग बाहेरचे गाव शहरात येते, असा हा क्रम आहे.

कॉलनीत राहण्याचे फायदे

१. मोकळी जागा, हवा आणि उजेड. ३० बाय ४० किंवा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट म्हणजे १,२०० ते १,५०० चौरस फूट. चारही बाजूंनी थोडी जागा सोडून बांधले तर प्रत्येक खोलीला खिडकी मिळते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा फरक लगेच कळतो. दारात गाडी लावता येते, तुळस, कढीपत्ता, एखादे लिंबाचे झाड लावता येते.

२. टप्प्याटप्प्याने घर बांधण्याची मुभा. फ्लॅट घेताना सगळी रक्कम एकदम उभी करावी लागते. प्लॉट आधी घेऊन, दोन खोल्या बांधून, पाच वर्षांनी वरचा मजला चढवता येतो. पीक चांगले आले त्या वर्षी बांधकाम पुढे सरकते. शेतीवर चालणाऱ्या घरांना हे गणित जमते.

३. स्वतःचे छत. पावसाचे पाणी साठवणे किंवा बोअरमध्ये सोडणे, सोलर बसवणे हे निर्णय एकट्याने घेता येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती छतावरच्या २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठेवलेले आहे. स्वतंत्र घर असणाऱ्यांना याचा फायदा घेणे सोपे जाते.

४. अधिक सुरक्षित बांधकाम. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदाखाली. २०२४ मध्ये २१ मार्च आणि १० जुलै रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेड जिल्ह्यातही जाणवले. नव्या प्लॉटवर कॉलम-बीमचे घर अभियंत्याच्या नकाशानुसार बांधता येते. जुन्या, एकमेकांना टेकलेल्या घरांत ही सुधारणा अवघड असते.

५. मुलांच्या शिक्षणाचे वातावरण. शाळा, शिकवणी, वाचनालय, बसस्थानक जवळ येते. शेजारी नोकरदार कुटुंबे असली की कोणत्या परीक्षेचा फॉर्म निघाला, वसतिगृहात प्रवेश कसा मिळतो, ही माहिती ओट्यावरच मिळते.

६. जुन्या चौकटी थोड्या सैल होतात. जुन्या गावात गल्ली जातीवर आणि भावकीवर बसलेली असते. कॉलनीत प्लॉट ज्याने घेतला तो शेजारी होतो. सुनेला डोक्यावरचा पदर थोडा मागे घेता येतो, मुलीला सायकल चालवता येते. अर्थात हे प्रत्येक ठिकाणी होतेच असे नाही. काही लेआउटमध्ये प्लॉट ओळखीतच विकले जातात आणि भाड्याने खोली देताना आडनाव आधी विचारले जाते.

कॉलनीत राहण्याचे तोटे

१. आधी घर, मग रस्ता. ही सर्वांत मोठी तक्रार असते. नकाशात रस्ते, नाल्या, पथदिवे, बाग सगळे दाखवलेले असते. प्रत्यक्षात पहिली काही वर्षे मुरूम टाकलेला रस्ता आणि पावसाळ्यात चिखल. लेआउटमधले रस्ते आणि नाल्या करून देण्याची जबाबदारी विकसकाची असते. ती पूर्ण करून रस्ते आणि खुली जागा नगर परिषदेकडे सोपवल्याशिवाय पुढची देखभाल सुरू होत नाही. प्लॉट संपले की विकसक येत नाही, नगर परिषद 'हस्तांतरण झाले नाही' म्हणते आणि राहणारे मधल्यामध्ये अडकतात.

२. हद्दीचा घोळ. कॉलनी नगर परिषदेच्या हद्दीत आहे की शेजारच्या ग्रामपंचायतीच्या, यावर पाणी, कचरा, दिवे आणि कर सगळे ठरते. हद्दीबाहेर असेल तर घंटागाडी येत नाही. ग्रामपंचायतीचे उत्पन्न मर्यादित, त्यामुळे वाढत्या वस्तीला ती पुरी पडत नाही. नळजोडणीसाठी ग्रामीण भागाला २०१९ ची जल जीवन मिशन आणि शहरी भागाला वेगळ्या योजना आहेत. योजना मंजूर झाली तेव्हा वस्तीच नसेल, तर त्या कॉलनीचे नाव दोन्ही याद्यांत नसते.

३. पाणी. हदगाव तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते आणि इसापूर धरणाच्या, म्हणजे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी या भागात येते. तरी कॉलनीतल्या घराचा खरा भरवसा बोअरवरच असतो. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी फटींत आणि झिजलेल्या थरातच साठते, म्हणून एका प्लॉटला पाणी लागते आणि शेजारच्याला लागत नाही. प्रत्येकाने बोअर घेतला की सगळ्यांचीच पातळी खाली जाते आणि एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू होतो. लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाण्याचा हिशेब न करता वाढलेल्या शहरावर दुष्काळात काय वेळ येते, हे त्या वर्षी साऱ्या देशाने पाहिले.

४. सांडपाणी. तालुक्याच्या ठिकाणी भुयारी गटार क्वचितच असते. प्रत्येक घराचा सेप्टिक टँक वेगळा. लहान प्लॉटवर एका कोपऱ्यात बोअर आणि दुसऱ्या कोपऱ्यात शोषखड्डा असला की पाणी दूषित होण्याचा धोका राहतो. शेजाऱ्याचा खड्डा आपल्या बोअरजवळ आला तरी तोच प्रश्न.

५. काळी जमीन. कापसाची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वरवरचा पाया घेतलेल्या घरांना म्हणून भेगा पडतात, फरशी उचलते, दारे अडकतात. पाया कठीण मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि तो खर्च प्लॉटच्या किमतीत दिसत नाही. स्वस्त प्लॉट खोलगट भागात असेल तर भरावाचा खर्च आणखी वेगळा.

६. शेत आणि घर यांतले अंतर. जुन्या घरात गोठा, कडबा, सोयाबीनची पोती, शिजवलेली हळद वाळवायला अंगण असते. कॉलनीत म्हैस बांधली की शेजारी कुरकुर करतात. दूध विकत घ्यावे लागते, माल लगेच विकावा लागतो, रोज पेट्रोल लागते. गावातल्या घरात जे फुकट होते ते इथे महिन्याच्या खर्चात येते.

७. एकटेपणा. जुन्या गल्लीत म्हातारी माणसे ओट्यावर बसतात, येणारा-जाणारा विचारपूस करतो. कॉलनीत दुपारी सगळी दारे बंद. नोकरी न करणाऱ्या स्त्रिया आणि गावाहून आणलेले आई-वडील यांना हे सर्वांत जास्त जाणवते. रात्री कोणी आजारी पडले तर कोणाला हाक मारायची, दुःखाच्या प्रसंगी पहिला चहा-भाकरी कोण आणणार, असे प्रश्न नव्या वस्तीत खरोखर उभे राहतात. अर्धे प्लॉट रिकामे असतील तर झाडी वाढते, सापांचा त्रास होतो आणि दिवाळीला कुलूप लावून गावी जाताना जीव टांगणीला लागतो.

किल्लारीनंतरच्या गावांनी काय शिकवले?

नव्या आखीव वस्तीत गेल्यावर माणसांचे काय होते, याचा मोठा अनुभव मराठवाड्याच्याच पदरी आहे. १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावे जुन्या जागेवरून हलवून नव्याने वसवण्यात आली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, रुंद चौक अशी त्यांची रचना होती. घरे आधीपेक्षा सुरक्षित झाली, शाळा आणि समाजमंदिरे मिळाली.

पण गावे पूर्वीपेक्षा कितीतरी पट पसरली. विहीर, देऊळ, किराणा, शेत सगळे लांब गेले. रस्ते, नाल्या आणि दिव्यांची लांबी वाढली, तशी देखभाल लहान ग्रामपंचायतींना झेपेना. सोपा, अंगण, आड-पडदा अशी जुन्या घरातली सोय नव्या आराखड्यात नव्हती, म्हणून लोकांनी पुढे भिंती, शेड आणि ओटे स्वतः जोडले.

यातून निघणारी गोष्ट आजच्या कॉलनीलाही लागू पडते. रुंद रस्ता आणि मोठा प्लॉट दिसायला छान असतो, पण तो सांभाळणारी संस्था आणि भेटण्याची जागा नसेल तर वस्ती अपुरी राहते.

प्लॉट घेण्यापूर्वी काय तपासावे?

सातबारा आणि भोगवटा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग १' आहे की 'वर्ग २', हे आधी पाहा. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथे इनाम, मदतमाश, खिदमतमाश आणि देवस्थानाच्या जमिनी बऱ्याच आहेत. त्यांना १९५४ चा हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा आणि वेगळे नियम लागू होतात. जुने फेरफार काढून मूळ मालकी कशी आली ते वकिलाकडून तपासून घ्या.

तुकडेबंदी. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीची खरेदी-विक्री करता येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे ठरवले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजे मंजूर लेआउट नसताना 'शेतातला एक गुंठा' विकत घेणे अडचणीचे ठरते. असे जुने व्यवहार नियमित करण्यासाठी २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के शुल्क ठेवले होते, २०२४ मध्ये ते ५ टक्क्यांवर आणले आणि २०२५ मध्ये सवलत आणखी वाढवली. गुंठेवारी नियमित करण्याचा २००१ चा कायदाही २०२१ मध्ये सुधारून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू केला गेला. सरकार सवलत देते, पण ती मागच्या व्यवहारांसाठी असते. पुढच्या सवलतीच्या भरवशावर आज पैसे गुंतवू नका.

मंजूर लेआउट. नगर रचना विभागाने मंजूर केलेला नकाशा आणि जमीन अकृषिक झाल्याचा कागद मागा. गावाच्या विकास आराखड्यात त्या जागेवर रस्ता, शाळा किंवा बाजाराचे आरक्षण नाही ना, ते नगर परिषदेत पाहा. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते. नकाशातली ती जागा प्रत्यक्षात मोकळी आहे का, की तिथेही प्लॉट पाडले आहेत, हे स्वतः जाऊन मोजा.

महारेरा. रेरा कायदा फक्त फ्लॅटसाठी नाही, प्लॉटिंगलाही लागू आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. त्याहून मोठा प्रकल्प नोंदणीशिवाय जाहिरात करू शकत नाही. नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकसकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

खरेदीखत. बॉण्डवर किंवा नोटरीसमोर केलेल्या लिखापढीने मालकी मिळत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेले खरेदीखतच हवे. त्यानंतर फेरफार होऊन आपले नाव सातबाऱ्यावर आले का, ते पाहा. हप्त्यावर प्लॉट घेताना शेवटचा हप्ता दिल्यावर खरेदीखत किती दिवसांत होणार, हे करारात लिहून घ्या.

जागेवरची पाहणी. प्लॉट दोनदा पाहा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जोराच्या पावसानंतर. मेमध्ये शेजारच्या घरांना विचारा की बोअर किती खोल आहे आणि कधी आटतो. पावसात पाणी कुठून येते आणि कुठे साचते ते दिसते. ओढा बुजवून पाडलेला प्लॉट उन्हाळ्यात कधीच ओळखू येत नाही.

आधीच राहायला गेला असाल तर?

कॉलनीतल्या रहिवाशांनी मिळून नोंदणीकृत संस्था किंवा समिती करणे हा पहिला उपाय. एकट्याचा अर्ज कपाटात राहतो, पन्नास सह्यांचा अर्ज सभेपुढे जातो. लेआउटचे हस्तांतरण झाले का, याची माहिती माहिती अधिकारात मागता येते. खुल्या जागेला कुंपण घालून तिथे झाडे लावली तर अतिक्रमण टळते आणि बसायला जागाही होते. दोन-तीन घरांनी मिळून एक बोअर आणि छतावरच्या पाण्याचे पुनर्भरण केले तर खर्च वाटला जातो. गणपती, हळदी-कुंकू, आंबेडकर जयंती, ईद असे कार्यक्रम एकत्र झाले की अनोळखी घरांची ओळख होते. रात्री-अपरात्री हाक मारायला हीच ओळख उपयोगी पडते.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*बिगर मंजूर प्लॉटवर गृहकर्ज मिळते का?*
बँका साधारणपणे अकृषिक आदेश, मंजूर लेआउट आणि बांधकाम परवानगी मागतात. हे नसेल तर कर्ज अवघड होते आणि लोक जास्त व्याजाच्या खासगी कर्जाकडे वळतात.

*घरपट्टी भरतो, म्हणजे घर कायदेशीर झाले का?*
नाही. घरपट्टी ही वापराबद्दलची कर आकारणी आहे. तिच्या पावतीने मालकी किंवा बांधकाम परवानगी सिद्ध होत नाही.

*जुन्या गावातले घर विकून कॉलनीत जावे का?*
घरात वृद्ध माणसे असतील, जनावरे असतील किंवा शेती रोज पाहावी लागत असेल, तर जुने घर ठेवून आधी कॉलनीत वर्षभर भाड्याने राहून पाहणे शहाणपणाचे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

थोडक्यात

मोकळी हवा, पक्के घर, मुलांची शाळा यासाठी कॉलनी चांगली. पाणी, नाली, रस्ता आणि शेजार या चार गोष्टींत ती कच्ची असू शकते. पहिल्या तीन गोष्टी कागद आणि जागा तपासून आधी कळतात. चौथी तिथे राहायला गेल्यावर आपल्यालाच जुळवावी लागते.